पोस्टकार्ड कोणत्या बाजूला

आइंडहोवन,
रविवार, १४ जून २०२०

प्रिय दिना,

तुझी तब्येत, तुझे गुडघे आणि तुझा मोतीबिंदू, तिघांचीही एकदमच विचारपूस करतो. आम्ही इथे ठीक. हे पत्र निशिगंधा तुला वाचून दाखवणार, म्हणून आधी तिला आशीर्वाद. पोरी, अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच, पण तुझ्या सासऱ्याला पसंत पडेल असं मनचं काही घालू नकोस.

इथून भारतात टपाल जाणं सध्या बंद आहे. मी कागदावर लिहितो, आमचे जावई निहारराव त्याचे फोटो काढतात आणि निशिगंधाच्या फोनवर पाठवतात. वाचत नाही म्हणतात. काल मात्र जेवताना त्यांनी विचारलं, "बाबा, तुमच्या मित्राचा मोतीबिंदू कसा आहे?" तेव्हा काय ते समज.

जयंती गेल्यावर विधुर बाप घरात एकटा नको, म्हणून शलाकाने फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. मार्चात सगळं जग बंद झालं आणि मी इथे अडकलो. हा ब्राबांट प्रांत म्हणजे आजाराचं माहेरच झालं होतं. अडीच महिने मी खिडकीतून सायकली मोजल्या. पाठ असलेल्या शाळेतल्या कविता म्हणून झाल्या, मग अर्ध्याच आठवणाऱ्याही म्हणून झाल्या. उरलेल्या अर्ध्यांत मी स्वतःच्या ओळी घातल्या. वृत्तात बसल्या, अर्थात बसल्या नाहीत.

आता खरी बातमी. ऐकून उठून बसशील.

इथून आठ-नऊ किलोमीटरवर, कालव्यापलीकडे, एक शेड आहे. जुनी इंजिनं जपणाऱ्या हौशी लोकांची. निहाररावांनी एक दिवस फिरायला म्हणून गाडीतून नेलं. दार अर्धवट उघडं होतं आणि आत, लेका, लीड्सचं इंजिन! सहा चाकांचं, पाठीवर खोगिरासारखी पाण्याची टाकी. लढाईच्या वेळी इंग्लंडहून आलेलं, मग इथल्या कोळशाच्या खाणीत राबलेलं, मग तीस वर्षं गवतात पडलेलं. आपल्या कुर्डुवाडीच्या छोट्या गाडीच्या इंजिनांपेक्षा दीडपट मोठं, पण चेहरा तोच. मावसभाऊ भेटावा तसं झालं. बाजूला एक डिझेलही आहे, तेही इंग्लंडचंच. तरण्या लोकांचा जीव त्या डिझेलवर. माझा नाही.

वास मात्र आपल्याच शेडचा. तेल, काजळी, ओला कापूस. मी दारातच उभा राहिलो.

तिथला मुख्य माणूस योस. संगणकाच्या चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीतून निवृत्त झालेला, सहा फूट तीन इंच. त्याने विचारलं, "तुम्ही असल्या इंजिनांवर काम केलंय?" मी म्हणालो, "चौतीस वर्षं." तो दोन पावलं धावत पुढे आला, मग आजाराची आठवण होऊन दीड पाऊल मागे गेला. इथे माणसामाणसांत दीड मीटर अंतर ठेवायचं असतं. आनंदसुद्धा तेवढ्या अंतरावरूनच करतात.

आता मी आठवड्यातून दोनदा जातो. शलाका कुरकुर करते. "बाबा, पंचाहत्तर वय आहे तुमचं." मी म्हणतो, "इंजिनाचं शहात्तर आहे, त्याला कुणी घरी बसवत नाही."

बाकी काही नाही. एक सहज आठवलं म्हणून विचारतो. दांड्याभोवतीची वाफेची गळती थांबवायला तू सुताची दोरी चरबीत भिजवून गुंडाळायचास, ती डावीकडून वळायचास की उजवीकडून? टोकं तिरकी कापायचास का? उगीच. इथे बसल्या बसल्या जुनं डोळ्यांसमोर येतं इतकंच.

तुझा,
चंद्रहास


आइंडहोवन,
रविवार, २ ऑगस्ट २०२०

प्रिय दिना,

तुझा आवाज मिळाला. अकरा मिनिटं! मी एक ओळ विचारली आणि तू अकरा मिनिटं बोललास, मध्ये दोनदा खोकलास, एकदा निशिगंधाला "चहात साखर घाल गं" म्हणालास. कालव्याकाठच्या बाकावर बसून तीनदा ऐकलं. दोरी किती वेळ भिजवायची, टोकं कशी कापायची, एका वेढ्याचा सांधा दुसऱ्याच्या समोर का येऊ द्यायचा नाही. आज सकाळीच करून आल्यासारखं सांगतोस. तुझ्या डोक्यात हे सगळं राहतं कुठे रे? मी तर फोरमन होऊन निवृत्त झालो. माझ्या डोक्यात रजेचे अर्ज उरलेत.

रागावू नकोस. मत्सर वाटला, खोटं कशाला बोलू.

शेडवर काम चांगलं चाललंय. वाफेची गळती थांबली. योसने मला सगळ्यांसमोर "मेस्टर" म्हटलं. म्हणजे गुरुजी, उस्ताद, तसलं काहीतरी. मारायके म्हणून एक बाई आहे, साठीची, आयुष्यभर बस चालवलेली, आता इथे फिटरकाम करते. कमी बोलते. तिने मला कॉफी आणून दिली आणि दीड मीटरवर ठेवून गेली. इथे तो मोठाच मान.

तू विचारलंस, "चंद्रू, कुणाचं इंजिन लावतोयस तू?" अरे, मी कुठला लावतोय. बघतो, दोन शब्द सांगतो.

आणि वॉल्व्ह लावायची वेळ आली तर विचार, असं म्हणालास, त्याची गरज पडणार नाही. मला सगळं आठवतं. इंजिन थंड असताना वॉल्व्ह अगदी मधोमध बसवायचा नाही, कारण वाफ आली की दांडा तापून लांबतो. तेवढी जागा आधीच सोडायची. इथले लोक त्यासाठी मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणाऱ्या पट्ट्या आणतात. मी त्यांना सांगितलं, आम्ही दोन पोस्टकार्डं घालायचो. किती हसले! मग योस गंभीर झाला, घरून पोस्टकार्ड आणून मोजलं आणि म्हणाला, "बरोबर आहे." तो दिवस माझा होता.

योसने विचारलं, हे कुठे शिकलात. मी तपासणीच्या दिवसाची गोष्ट सांगितली, एकोणऐंशी सालची, मोठे साहेब आले होते ती. सगळी नाही सांगितली. इंग्रजीत गोष्ट सांगायची म्हणजे काटछाट होतेच.

काल शलाकाच्या अंगणातल्या झोपाळ्यावर बसलो असताना बेंद्रे गुरुजी आठवले. भुजंगप्रयात शिकवताना पट्टी टेबलावर आपटायचे. मी अख्खी कविता न चुकता म्हणायचो. तुला दोन ओळीसुद्धा पाठ होत नसत, पण कुणाचंही एक अक्षर लांबलं की मागच्या बाकावरून तू बोट वर करायचास. गुरुजी एकदा म्हणाले, "चंद्रहास कविता म्हणतो, दीनानाथ कविता ऐकतो." सगळी मुलं मला हसली असं मला वाटलं. ती तुला हसली होती, असंही असेल. पासष्ट वर्षं झाली. वाक्य जात नाही.

असो. डोळ्याचं ऑपरेशन लांबवू नकोस. दवाखाने उघडले की जा.

तुझा,
चंद्रहास


आइंडहोवन,
रविवार, १३ सप्टेंबर २०२०

दिना,

या पत्राचे फोटो मीच काढलेत, म्हणून कडा वाकड्या येतील. निहाररावांना दिलं नाही.

चि. निशिगंधा, तू मला साहेबकाका म्हणतेस. हे पत्र तुझ्याच तोंडून दिनाच्या कानावर जाणार, त्याला इलाज नाही. दुपारी तो जेवून बसला की वाच. मध्ये थांबू नकोस आणि माझी कीव येऊन काही गाळू नकोस.

मागच्या शनिवारी, पाच तारखेला, इंजिनात पहिल्यांदा वाफ भरली. सकाळपासून लाकडं, मग कोळसा. अंगणात वीसेक माणसं, एकमेकांपासून लांब लांब. योसने वाफ सोडली, इंजिन हललं, आणि दहा हात गेलं असेल नसेल, मला कळलं. चाकाच्या एका फेऱ्यातल्या चार ठोक्यांतला तिसरा लंगडत होता. पाठ केलेल्या कवितेत मध्येच श्वास तुटावा तसा. सगळे टाळ्या वाजवत होते. योस टाळी वाजवता वाजवता थांबला आणि माझ्याकडे बघू लागला.

वॉल्व्ह मी लावले होते. "दोन शब्द सांगतो" वगैरे खोटं. त्या इंजिनाचं सुताचं पॅकिंग, बेअरिंगचं तेल, पितळी झडपांचं घासकाम, जूनपासून जे जे मी तुला "सहज" विचारलं ते सगळं दुसऱ्या दिवशी माझं म्हणून शेडवर सांगितलं. तुझा अकरा मिनिटांचा आवाज मी तीनदा ऐकला तो आठवणीने नाही. वहीत उतरवून घ्यायला.

फक्त पोस्टकार्डाचं विचारलं नाही. एक तरी गोष्ट माझी असावी, असं वाटलं. दोन पोस्टकार्डं घालायची हे मला पक्कं आठवत होतं. ती पुढच्या बाजूला की मागच्या, हे आठवत नव्हतं. कसं आठवेल? चौतीस वर्षांत कार्ड तू घातलंस, मी वरून दिवा धरला. इथे मी ती मागे घातली.

इंजिन थांबल्यावर योसने विचारलं, "मेस्टर, काय झालं?"

मी म्हणालो, "दांड्याच्या सांध्यातले, जाडी जुळवायचे पत्रे नीट बसले नसतील."

ते पत्रे मारायकेने बसवले होते. तिने मान हलवली, हातमोजे घातले आणि इंजिनाखाली गेली. आठ दिवस, दिना. रोज येऊन एकेक पत्रा काढून, मोजून, पुसून परत बसवत होती. दोष सापडत नव्हता, कारण दोष तिथे नव्हता. मी दीड मीटरवर स्टुलावर बसून कॉफी पीत होतो.

त्याच शनिवारी घरी येऊन मी तुला ठोक्यांचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं, "हे बघ, इथलं इंजिन चाललं" असं म्हणून. दहा मिनिटांत तुझं उत्तर आलं. तोंडाने चारही ठोके काढून दाखवलेस, तिसरा जसाच्या तसा लंगडा, आणि वर हसत म्हणालास, "चंद्रू, पोस्टकार्ड उलटीकडे गेलंय रे कुणाचंतरी. पुढे घालायला सांग त्याला."

कुणाचंतरी! चार हजार मैलांवरून, मोतीबिंदू झालेला माणूस, फोनच्या डबड्यातून ऐकतो आणि दहा मिनिटांत सांगतो. मी अंगणात उभा होतो, मला फक्त लंगडतंय एवढं कळलं. त्या क्षणी तू समोर असतास तर मी तुझ्याशी भांडलो असतो. कशावरून, ते भांडता भांडता शोधलं असतं.

उत्तर माझ्या खिशात होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन म्हणायचं, "मी विचार केला, कार्डं पुढे घाला." झालं असतं. पण त्यात माझी चूक कबूल होत होती. म्हणून मी गप्प. ती बाई आठ दिवस इंजिनाखाली.

बुधवारी शेडवर बसून मी तुझा तो निरोप पुन्हा ऐकत होतो. आवाज मोठा राहिला होता. योस मागे येऊन उभा. मराठीचं एक अक्षर त्याला कळत नाही, पण तुझे तोंडाने काढलेले ठोके कळले. "हे आपलं इंजिन! कोण आहे हा? याला नेमकं ऐकू आलंय."

मी म्हणालो, "माझा हेल्पर होता. माझ्या हाताखाली."

निशिगंधा, थांबू नकोस म्हटलं होतं.

दिना, हे मी दुसऱ्यांदा केलं. पहिल्यांदा कधी, ते तुला सांगायला नको, पण आजवर तोंडाने म्हटलं नाही म्हणून लिहितो. एकोणऐंशीत तपासणीचे साहेब आले, इंजिन घड्याळासारखं चालत होतं. साहेबांनी इंग्रजीत विचारलं, वॉल्व्ह कुणी लावले? तू इंजिनाखाली खड्ड्यात होतास. मी वर, हात स्वच्छ, इंग्रजी येणारा. मी म्हणालो, "मी, सर." तीन महिन्यांत मी चार्जमन झालो, पुढे फोरमन. तू फिटर होतास, फिटर म्हणूनच निवृत्त झालास. निरोपाच्या समारंभात तुझ्याबद्दल भाषण मीच केलं, कवितेच्या ओळी घालून.

तुला ऐकू गेलं नसेल, असं मी एक्केचाळीस वर्षं स्वतःला सांगत आलो. पण दोनच हात खाली होतास. आणि कान तुझे होते. त्या दिवशी वर आलास, हात पुसलेस आणि म्हणालास, "चल, चहा घेऊ." मला वाटलं, याला माहीत नाही. मग वाटलं, माहीत आहे. मग जन्मभर तू चहाला बोलावलंस की मी कामाचं निमित्त शोधायचो. तू चिडला असतास तर बरं झालं असतं. तुझ्या न चिडण्याचाही मला मत्सर वाटत आला आहे.

आता कालचं. इथे एक रीत निघाली. जुना रंग खरवडताना वॉल्व्हच्या दांड्याच्या टोकाला पोलादात ठोकलेली अक्षरं सापडली, लीड्सच्या फिटरची, चव्वेचाळीस सालची. ज्याने वॉल्व्ह लावले त्याने आपल्या नावाची अक्षरं ठोकायची, असं तिथे चालत असावं. योस म्हणाला, दोष सापडेल तेव्हा सापडेल, पण त्या अक्षरांखाली मेस्टरची अक्षरं हवीत. त्याने ठशांची पेटी उघडली, इंग्रजी सीचा ठसा काढून माझ्या हातात दिला, हातोडा दिला. मारायके इंजिनाखालून बाहेर येऊन बघत उभी राहिली. चेहऱ्यावर काजळी. हसत होती. माझ्यासाठी खूश होती, दिना.

माझा हात हलला नाही. म्हातारपणाने हातोडा पेलत नाही असं समजून योस म्हणाला, "मी धरू का?"

मी ठसा परत पेटीत ठेवला आणि सांगितलं. मोडक्या इंग्रजीत, उलटसुलट, एकोणऐंशी सालापासून. पत्रे बरोबर आहेत, कार्डं मी उलटी घातली. हेल्पर मी होतो, दिवा मी धरायचो.

योसने पेटी मिटली. मारायकेने हातमोजे काढले. "आठ दिवस," एवढंच म्हणाली आणि बाहेर गेली. मी स्टुलावर बसून राहिलो. निहारराव न्यायला यायला अजून तासभर होता. थोड्या वेळाने ती आत आली, पोस्टकार्डं शोधली, आणि मला म्हणाली, "पुढे म्हणजे कुठे? दाखवा." मी बोटाने दाखवलं. कॉफी मिळाली नाही.

कार्डं आता पुढे आहेत. येत्या रविवारी, वीस तारखेला, पुन्हा वाफ भरणार. तापल्यावर थोडं इकडेतिकडे करावं लागेल, ते कानानेच व्हायचं, आणि तसा कान इथे कुणालाही नाही. योसला तू हवा आहेस. इथल्या अकराला, म्हणजे आपल्याकडे अडीचला, तो निशिगंधाच्या फोनवर व्हिडिओ लावेल. तू सांगायचं, तो करणार. मध्ये मराठीचं इंग्रजी मी करीन. काटछाट करणार नाही. मला शिव्या दिल्यास तर त्याही जशाच्या तशा सांगीन, इंग्रजीत सापडतील तेवढ्या.

आणि तुझी अक्षरं कोणती ठोकायची, ते तूच योसला सांग. वडिलांचं घालायचं की नुसतं तुझं आणि आडनावाचं. मी सांगितलं तर पुन्हा मीच सांगितलं असं होईल.

फोन उचलायचा की नाही, तुझी मर्जी. नाही उचललास तर इंजिन लंगडत चालेल, लोक तरीही टाळ्या वाजवतील, आणि का लंगडतंय ते मी अंगणात उभा राहून प्रत्येकाला सांगेन. चोवीस तारखेच्या विमानाचं तिकीट झालंय. आल्यावर चौदा दिवस पुण्याच्या घरात कोंडून घ्यायचं आहे. त्यानंतर कुर्डुवाडीला येऊ का, हे विचारायचं होतं. आज विचारत नाही.

एक मात्र लपवत नाही. शहाणा झालोय, असं समजू नकोस. रविवारी तू तिकडून "आता सोड" म्हणशील, चारही ठोके सारखे पडतील, सगळे फोनकडे बघून टाळ्या वाजवतील, आणि फोन धरलेल्या माझ्या मनात जुन्या मत्सराची आग पडेल. ती पडणारच. तिला मी आता तुझं नाव देऊन ठेवलंय, इतकंच.

अजूनही तुझ्यावर जळणारा, आणि तरीही तुझाच,
चंद्रहास